काजळातला हिरवा

पाळणा घासून काढायचं पद्मजाच्या डोक्यात कुठून आलं, ते नंतर तिचं तिलाही सांगता येईना. वैशाख तापत चालला होता. तिची धाकटी नणंद कुंदा पहिलटकरीण, बाळंतपणासाठी मुलुंडला यायची होती, म्हणून माळ्यावरचा पाळणा खाली उतरवलेला. सासूबाई, म्हणजे माई, देवळात गेलेल्या. दीड वर्षाची क्षमा झोपलेली. घरात अशी शांतता क्वचित मिळते, आणि मिळाली की हात स्वस्थ बसत नाहीत. पाळण्याच्या लाकडावर तेलाचा, धुराचा, कितीतरी पोरांच्या मळक्या हातांचा काळा चिकट थर चढला होता. पद्मजानं राख घेतली, रिठ्याचं पाणी घेतलं, काथ्याची घासणी घेतली आणि पदर खोचून, दिवाळीत तांब्यापितळेला भिडायची तशी पाळण्याला भिडली.

काळा थर निघाला. त्याच्याबरोबर पोपटही निघाले.

उशाकडच्या फळीवर दोन आणि पायथ्याच्या फळीवर दोन, असे पोपट होते त्या पाळण्यावर. सावंतवाडीच्या चिताऱ्यानं काढलेले. माईंच्या वडलांनी माईंच्या जन्माआधी करून घेतलेला तो पाळणा. माई त्यात झोपल्या, त्यांचे भाऊ झोपले, मग माईंच्या लग्नानंतर तो त्यांच्या सासरी आला आणि श्यामकांत नि कुंदा त्यात वाढले. क्षमाच्या वेळी अण्णांनी, पद्मजाच्या सासऱ्यांनी, गोधडीत गुंडाळून तो वेंगुर्ल्याहून बोटीनं धाडला होता. स्वतः अण्णा गावीच राहिले, कलमांच्या राखणीला. माई मात्र नातीच्या पाठोपाठ आल्या त्या मुलुंडलाच राहिल्या. माहेरचं म्हणून माईंजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. हा पाळणा, बस्स.

पद्मजाच्या हे सगळं लक्षात आलं ते घासणीतून हिरवं पाणी ओघळायला लागल्यावर.

माई आल्या. दारातच थांबल्या. ओल्या, गोऱ्या पडलेल्या फळीवरून त्यांनी एकदा हात फिरवला.

"लाकूड चांगलं आहे अजून," त्या म्हणाल्या.

एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आत जाऊन पानाचा डबा घेऊन बसल्या, पानाला चुना लावला, आणि सुपारी घालायची विसरून तसाच विडा दुमडून तोंडात टाकला. ते पद्मजानं पाहिलं.

संध्याकाळी श्यामकांत फोर्टातल्या ऑफिसातून आला. चपला काढता काढता त्याची नजर पाळण्यावर गेली.

"अगं, पाळणा आहे तो! पातेलं नव्हे!"

"माहीत आहे हो मला."

"आधी माहीत असायला हवं होतं." मग बायकोचा चेहरा पाहून तो जरा नरमला. "जाऊ दे गं. कुर्ल्याला आमच्या ऑफिसातल्या एकाचा ओळखीचा पेंटर आहे, दुकानांच्या पाट्या रंगवतो. ऑइल पेंटमध्ये असे झकास पोपट काढून देईल की—"

"त्या वासात बाळाला निजवायचं?" माई आतून म्हणाल्या. "आणि चाटेल ते."

"कोण चाटेल?"

"बाळ! आमच्याकडच्या एकूण एक पोरानं ते पोपट चाटलेत. तू तर एकाची चोच खाल्ली होतीस, श्याम."

"मी?"

"नाही तर काय मी? ज्या रंगाला पोराचं तोंड लागायचं, तो पोटात गेला तरी बाधता नये. तुझा पाट्यावाला खाऊन दाखवणार असेल त्याचा रंग, तर आण."

श्यामकांत हसला. पद्मजा हसली नाही. कणीक मळता मळता तिनं मान वर केली.

"मी काढीन, माई. बारशाच्या आत पोपट परत आणीन पाळण्यावर."

माईंनी तिच्याकडे पाहिलं. "बघ," त्या म्हणाल्या.

त्या 'बघ'मध्ये काय होतं ते पद्मजाला कळलं नाही. होकार नव्हता. नकारही नव्हता.

*

चित्रं काढायचा तिला नाद होता. शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा ती चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि लग्नात वडलांनी दिलेली रंगांची पत्र्याची पेटी तिनं जिवापाड जपली होती. दुपारी क्षमा झोपली, माई कलंडल्या की ती खिडकीशी बसायची. कॅलेंडरवरच्या चित्रावर पेन्सिलीनं बारीक चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कागदावर, आणि एकेक चौकट उचलून इकडून तिकडे न्यायची. चुकलं की खोडायचं. रंग चौकटीच्या बाहेर म्हणून जायचा नाही. बाहेरच्या खोलीत तिचं एक चित्र फ्रेम करून लावलेलं होतं: बर्फाचा डोंगर, तळं, तळ्यात डोंगराची सावली. घरी येईल त्याला श्यामकांत त्यापुढे उभा करायचा. "हुबेहूब आहे की नाही?"

पण पोपटांचं हुबेहूब काढायचं तर कशावरून? पाळण्याचा फोटो कुणी काढला नव्हता. राहिल्या माई.

"माई, मान कशी होती हो त्यांची? सरळ की वळलेली?"

"पोपटाची असते तशी."

"आणि डोळा?"

"डोळा होता."

"दोघांच्या मध्ये काय होतं? फुलं?"

"आंबा असेल." माईंनी पानाचा डबा ओढला. "नाही गं, आठवत म्हणून नाही. रोज बघितलेलं कोण लक्षात ठेवतं?"

आधी तिनं आपली पेटीच उघडली. अण्णांनी पाठवलेल्या आंब्यांची पेटी रिकामी झाली होती; तिची एक फळी घेऊन तिच्यावर कॅलेंडरातल्यासारखा पोपट काढला. रंग लाकडानं पिऊन टाकला आणि उरला तो ओल्या बोटासरशी निघून आला. माईंनी पेटीतली हिरवी वडी उचलून नाकाशी नेली.

"ह्यात काय असतं गं?"

पद्मजाला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती वडी वापरत होती आणि कधी विचारही केला नव्हता. तिनं पेटी मिटली आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं. पोटात गेलं तरी चालेल असं जे काही होतं, ते तिथंच होतं.

रंगाला धरून ठेवणारं काहीतरी हवं. पहिल्यांदा तिनं भाताच्या दाट पेजेत गेरू कालवला. छान बसला. सकाळी बघते तर झुरळांनी पोपटाचं पोट चाटून साफ केलेलं.

"चला, खाता येतो एवढं तर ठरलं," माई म्हणाल्या.

मग डिंक. बाळंतिणीच्या लाडवांसाठी आणलेल्यातला चिमूटभर माईंची नजर चुकवून घेतला. काय चकाकी आली! पण वैशाखातल्या घामट दुपारी डिंक पाघळला. क्षमानं फळीवर तळहात टेकला आणि मग घरभर टेकत सुटली. भिंतीवर, माईंच्या लुगड्यावर, आणि श्यामकांतच्या धुतलेल्या धोतरावर ठसठशीत पाच बोटं. मग भेंडीचा चिकट रस. त्याला दोन दिवसांत असा वास सुटला की शेजारची वनमाला नाकाला पदर लावून आली. वनमाला मालवणकडची, नवरा आधी गिरणीत होता, आता भांडुपच्या कारखान्यात. तिची जीभ भारी तिखट.

"काय गो, काय मेला काय हय? आणि ह्या पाळण्याक न्हाऊक घातलंस म्हणतत ता खरा?"

"खरं आहे," पद्मजा म्हणाली. "आता कपडे घालतेय त्याला."

"घाल बाये. बारशाक उघडो नको ठेवू."

ती गेली आणि पद्मजा त्या फळीकडे बघत बसली. गंमत अशी, की तिला वाईट वाटत नव्हतं. पोपट नव्हते, माई गप्प होत्या, बारसं जवळ येत होतं, हे सगळं बोचत होतं. पण दुपार झाली, क्षमानं अंगठा तोंडात घालून कूस बदलली, की हिच्या हातांना आपोआप स्फुरण यायचं. आज काय करून बघू? कॅलेंडरावरून चित्र काढताना असं कधी झालं नव्हतं. तिथं शेवट आधीच ठाऊक असायचा.

*

एके दिवशी भय्यानं घातलेलं दूध नासलं. त्या उकाड्यात नासणारच. माई हळहळल्या. त्यांनी ते फडक्यातून गाळलं, चोथा बशीत काढला, साखर घालून काहीतरी करू म्हणाल्या आणि विसरल्या. क्षमा विसरली नाही. माईंची चुन्याची डबी तिच्या हाताला लागली आणि तिनं ती त्या बशीत उलटी करून बोटांनी कालवायला घेतलं. पद्मजानं धावत येऊन तिला उचललं, हात खसाखसा धुतले, बोटं तोंडात गेली नाहीत ना ते दहादा पाहिलं. त्या गडबडीत बशी राहिली खिडकीत.

दुसऱ्या दिवशी ती घासायला घेतली तर चोथा निघेना. दगड झाला होता. राख झाली, रिठा झाला. काथ्या घासून घासून तिचा हात भरून आला. थर जसाच्या तसा.

पद्मजा घासायची थांबली. ह्याच राखेनं, ह्याच काथ्यानं, ह्याच हातांनी तिनं पोपट घालवले होते. आणि इथं ते तिघेही हरले होते.

"माई!" ती ओरडलीच. "माई, हे बघा, निघत नाही!"

"मग त्यात नाचायचं काय? बशी गेली."

पण नासक्या दुधाचा चोथा आणि विड्याचा चुना. दोन्ही पोटात जाणारं, रोजचं! तिनं चोथा धुऊन, नखभर चुना घालून बोटानं मळला. आधी तो रबरासारखा ताणला, मग एकाएकी मऊ होऊन मधासारखा ओघळायला लागला. त्यात गेरू घालून फळीवर पट्टा ओढला. वाळल्यावर ओल्या फडक्यानं पुसला. पट्टा हलला नाही.

माईंची मात्र कुरकुर सुरू झाली. "लेकुरवाळ्या घरात दूध लाकडाला पाजायचं? मी नाही बाई ऐकलं कुठं."

"नासलेलंच घेईन, माई. चांगल्या दुधाला हात लावणार नाही."

तेव्हा दूध तापवताना ते फुटतंय का, हे कान टवकारून ऐकणारी आणि फुटलं की गालातल्या गालात हसणारी बाई मुलुंडात ती एकटीच असेल. भय्यापाशी तिनं कधी तक्रार केली नाही. श्यामकांत म्हणाला, "काय चाललंय काय ह्या घरात? चहाला दूध नाही, आणि बायको खूष!"

ह्या नव्या रंगाची एक खोड होती. तो थांबायचा नाही. कालवला की थोड्या वेळात घट्ट. फळीवर टेकला की लागलीच सुकलेला. खोडरबर नाही, चौकटी नाहीत, पुसून पुन्हा नाही. पद्मजाचा बारीक ब्रश तर पहिल्याच दिवशी खिळ्यासारखा ताठ झाला. मग तिनं कडुलिंबाची काडी दातवणासारखी चावून तिचा कुंचला केला, कधी चिंधीचा बोळा घेतला, कधी अंगठाच. आणि रेघ? चौकटींवरून हळूहळू सरकायची सवय असलेली तिची रेघ फळीवर थरथरायची, मध्येच तुटायची.

"हा कॅलेंडरातला आहे," पहिला पोपट पाहून माई म्हणाल्या. दुसरा पाहून म्हणाल्या, "हा आजारी आहे."

त्यांच्या खोल्यांच्या मागं उंबराचं झाड होतं. संध्याकाळी डोंगराकडून पोपट यायचे, उंबरं अर्धी खायचे, अर्धी खाली टाकायचे. क्षमाला कडेवर घेऊन पद्मजा रोज ते पाहायची. म्हणजे क्षमाला दाखवायची. आता ती स्वतः पाहायला लागली. पोपट सरळ म्हणून बसतच नव्हता. उलटा लटकायचा, मान वाकडी करून एका डोळ्यानं फळ जोखायचा, शेजाऱ्याला ढुशी द्यायचा.

"काऊ!" क्षमा हात नाचवत म्हणायची. तिला सगळे पक्षी काऊच.

घरात आल्यावर पद्मजा तांब्यात बोट बुडवून शहाबादी फरशीवर पोपट काढायची. नुसत्या पाण्यानं. पाठीची एक रेघ, शेपटीची एक, चोचीचा एक आकडा. फरशी तापलेली, पहिला पोपट पुरा होतो तो सुकायला लागायचा. पुन्हा काढायचा. तो गेला की पुन्हा. क्षमा त्याच्यावर फाटकन थापट मारून त्याला उडवायची आणि "काऊ गेला" म्हणून आईकडे बघायची. "गेला ना? थांब हं, दुसरा आला." असे किती पोपट आले नि गेले, कोण मोजणार? कशाचंच राखून ठेवायचं नव्हतं, म्हणून हात भिईना. आणि एक दिवस रेघ थरथरली नाही.

*

राहिला रंग. पोपट हिरवा हवा, आणि हिरवा मिळेना. निळीला माईंनी हात लावू दिला नाही. पालकाचा रस, अळूचा रस, दुसऱ्या दिवशी सगळे चिखलाच्या रंगाचे. निदान पिवळट तरी दिसू दे म्हणून पद्मजानं दुधाच्या रंगात चांगली चमचाभर हळद घातली आणि ढवळली.

रंग लाल झाला. लालभडक. वाटीत कुणीतरी कापल्यासारखा.

"अगं बाई!" पद्मजा वाटी टाकून मागंच सरली.

माई धावत आल्या. वाटीत पाहिलं, बाजूची हळद पाहिली, चुन्याची डबी पाहिली, आणि हसायला लागल्या. पाळणा घासल्या दिवसापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. हसता हसता खाली बसल्या, डोळे पुसले.

"अगो, कुंकू कशाचं करतात? रोज कपाळाला लावतेस नि हळदीत चुना घालतेस!"

"सुचलंच नाही, माई. मी आपली रंगाचा विचार करत होते—"

"मी पण तोच म्हणत्येय."

वनमालाही आवाज ऐकून डोकावली. फळीवर उडालेला लाल ठिपका बघून म्हणाली, "ह्यो खयचो गो पोपट? लाल?"

"लाजलाय," माई म्हणाल्या, आणि पुन्हा त्यांना हसू फुटलं.

हसणं झालं, पण हिरवा नव्हताच. वाण्याकडून पिवडी आणली, पिवळी माती. तिच्याबद्दल माईंची तक्रार नव्हती. "माती काय, सगळीच पोरं खातात." तोवर कुंदा येऊन दाखल झाली होती. पोट सांभाळत ती पाळण्याशी उभी राहिली आणि पहिलं वाक्य बोलली ते, "वहिनी, माझे पोपट गं?"

"येतायत, वन्सं."

"माझ्या ह्याच्या आधी येणार की नंतर?" तिनं पोटाकडे बोट दाखवलं.

त्याच आठवड्यात माईंनी बाळासाठी काजळ धरलं. तुपाचा दिवा, वर पालथी घातलेली काशाची वाटी. काजळी खरवडून झाल्यावर वाटीला राहिलेलं पद्मजानं पोपटांच्या डोळ्यांसाठी मागून घेतलं आणि दुधाच्या रंगात खलून ठेवलं. दुपारी फळीवर पिवडीचा पोपट भरला. पिवळा तर पिवळा, असं आता तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. मग डोळ्यासाठी तीच काडी, न धुता, काजळात बुडवली आणि वाटीच्या काठावर निथळली.

काठावर ओघळ आला तो हिरवा.

पद्मजानं डोळे मिटून उघडले. काडी पुन्हा फिरवली. पिवडी नि काजळ, पिवळा नि काळा. निळा कुठं नावालाही नाही. शाळेत तर शिकवलं होतं की पिवळ्यात निळा घातल्याशिवाय हिरवा होत नाही. तिनं परीक्षेत तसं लिहिलंही होतं! हा रंगपेटीतल्या वडीसारखा हिरवागार नव्हता. जून पानाच्या पाठीसारखा, जरा धुरकट. पण त्याच्याशेजारी हळदीच्या लालाचा एक ठिपका टेकवला मात्र, आणि तो धुरकटपणा कुठल्या कुठं गेला. लालाजवळ तो रंग उजळून असा हिरवा दिसायला लागला, की तिनं लाल ठिपका बोटानं झाकून पाहिला, उघडून पाहिला, पुन्हा झाकून पाहिला.

"माई, इकडे या ना. हा रंग कुठला सांगा."

माई लाडू वळता वळता आल्या. तुपाचे हात लांब धरून त्यांनी मान वाकडी केली, उंबरावरच्या पोपटासारखी.

"हिरवा," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "संध्याकाळचा."

*

कुंदाला मुलगा झाला. सुखरूप झाला. ती बाळाला घेऊन घरी आली त्या दिवसापासून घरात पाहुण्यांची, शेगडीची, लंगोटांची इतकी धांदल होती की पद्मजाला पाळण्याकडे बघायलाही सवड मिळाली नाही. आणि दूधही नासेना. बारसं उद्यावर आलं आणि सकाळी, देव पावल्यासारखं, पातेल्यातलं दूध फुटलं.

दुपारी बाळ-बाळंतीण झोपली. क्षमा त्यांच्या कुशीत शिरून झोपली. पद्मजानं पाळण्याच्या फळ्या पुढ्यात घेतल्या, वाट्या मांडल्या आणि घटकाभर तशीच बसून राहिली. फळकुटावर चुकलं तर दुसरं फळकूट असतं. पाळण्याला दुसरी फळी नव्हती. माई भिंतीला टेकून वाती वळत बसल्या होत्या. बघत नव्हत्या, म्हणजे बघतच होत्या.

रंग घट्ट व्हायला लागला तेव्हा तिनं काडी उचलली. पाठीची रेघ. शेपटी. चोचीचा आकडा. फरशीवर जसा पाण्यानं काढायची तसाच, पुढं काय होईल ते न बघता. एक पोपट उंबराकडे मान वळवून, दुसरा त्याच्या अंगावर रेललेला. पंखांना अंगठ्यानं हिरवा, गळ्याला लाल कंठ, डोळ्याभोवती चुन्याचं पांढरं कडं. पायथ्याच्या फळीवरचा एक उलटा लटकला. त्याला सरळ करावंसं तिला क्षणभर वाटलं, पण तोवर तो वाळला होता.

तिनं काडी खाली ठेवली.

माई उठून आल्या. उशाकडची फळी त्यांनी मांडीवर घेतली. बघत राहिल्या.

"आमचे असे नव्हते," त्या म्हणाल्या.

पद्मजानं फळी परत घ्यायला हात पुढं केला.

"आमचे दोघे जाडे होते. आत्ता आठवतंय. चोचीला चोच लावून असे बघायचे एकमेकांकडे, जसं काही वाटणीवरून भांडण झालंय. मला लहानपणी भीतीच वाटायची त्यांची." माईंनी फळी जरा उजेडाकडे केली. "ह्यांचं बरं चाललेलं दिसतंय."

मग त्यांनी बोट तोंडात घालून ओलं केलं आणि पोपटाच्या पंखावरून दाबून फिरवलं. एकदा, दोनदा. बोटाकडे पाहिलं. स्वच्छ होतं. तरीही ते बोट त्यांनी जिभेला लावलं आणि चव घेतल्यासारखा चेहरा केला.

"अळणी आहे," त्या म्हणाल्या. "चालेल."

पद्मजाला हसू यायच्या ऐवजी भलतंच काहीतरी यायला लागलं. तिनं घाईघाईनं वाट्या गोळा केल्या.

बारशाला खोली बायकांनी फुलून गेली. गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत बाळ पाळण्याखालून-वरून फिरलं, आत्याबाईंनी नाव ठेवलं, मधुकर. वनमालानं पाळण्याला हात लावून पाहिला. "घातलंस एकदाचे कपडे," असं म्हणून घुगऱ्यांची मूठ तोंडात टाकली. श्यामकांतनं नेहमीच्या सवयीनं ऑफिसातल्या मित्राला पाळण्यापुढे उभं केलं.

"माझ्या बायकोनं काढलेत. हुबेहूब आहेत की नाही?"

"कुणाच्या हुबेहूब, दादा?" कुंदा पाळण्याची दोरी हातात धरून मिश्कीलपणे म्हणाली.

श्यामकांतनं पोपटांकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. "कुणाच्याच नाहीत बुवा," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तक्रार नव्हती.

पाळण्यात मधुकरनं मान वळवली आणि उशाकडच्या फळीला तोंड लावलं.

*

पावसाळा आला, हवा गार झाली आणि दूध नासायचं थांबलं. कुंदा बाळाला घेऊन सासरी गेली, तिच्याबरोबर पाळणाही. आंब्याच्या पेटीची एक मोठी फळी पद्मजानं घासूनपुसून खिडकीशी ठेवली होती. मागचा उंबर रंगवायचं मनात होतं, त्याच्या खाली उष्टी उंबरं वेचणारी क्षमा काढायची होती. पिवडी होती, काजळ होतं. रोज सकाळी ती दूध तापवायची आणि रोज ते शहाण्यासारखं उतू जायला बघायचं. माईंना तिनं शब्द दिलेला होता: नासलेलंच घेईन.

एके दुपारी क्षमाला थोपटून ती स्वयंपाकघरात आली तर माई पाठमोऱ्या उभ्या. पुढ्यात वाटीत दूध, हातात अर्धं लिंबू.

"माई, हे काय करताय?"

माईंनी शेवटचा थेंब पिळून घेतला. वाटीतलं दूध हळूहळू फुटत होतं.

"नासलंय," त्या लिंबाची साल कोपऱ्यात टाकत म्हणाल्या. "आपोआप नासलं."

मग पानाचा डबा उघडून त्यांनी चुन्याची डबी वाटीशेजारी सरकवली.

"नखभरच घे हो. मला विड्याला लागतो."